रिमोटच्या वादातून स्पॅनिश

सांगलीत राहून स्पॅनिश शिकताय, पण बोलायला कुणी नाही? घरातल्याच एकाला सोबत घ्या आणि रात्री जेवणं झाली की टीव्हीवर काय लावायचं हा वाद स्पॅनिशमध्ये घाला. सुरुवातीला मोजकी वाक्यं पुरतात. ‘के बेमोस ओय?’ म्हणजे आज काय बघायचं? ‘प्रेफिएरो एल पार्तीदो’, मला मॅच बघायचीय. समोरचा अडून बसला, तर ‘इ सी बेमोस ओत्रा कोसा?’, दुसरं काही बघूया का? सगळ्यात कामाचं ‘मे तोका आ मी’, आता माझी पाळी. तडजोड करायची असेल तर ‘ओय तू, मान्याना यो’: आज तू, उद्या मी.

उच्चारात मराठी माणसाला मोठा फायदा आहे. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून येतात; इंग्रजीच्या सवयीने ट-ड करू नका. व्ही हे अक्षर ब सारखं म्हणायचं, एच बहुतेक वेळा मुकाच.

नियम एकच, पण कडक पाळा: स्पॅनिशमध्ये मागितल्याशिवाय चॅनल बदलायचं नाही. हवं ते मिळवायचं असलं की वाक्य आपोआप तोंडात बसतं. आजींच्या मालिकेची वेळ मात्र या वादातून वगळा.