लाइट्सचा रेट शोवर नाही, दिवसावर सांगा

इंदूरात रवींद्र नाट्यगृहात संध्याकाळी सातचा शो असला की आयोजक विचारतात "दोन तासांचे किती घेणार", आणि नाटकाचे लाइट्स करणारी नवी मुलं पटकन आकडा सांगून मोकळी होतात. असं करू नका रे. सकाळपासून शिडीवर चढून पार (PAR) लाइट लटकवणं, एकेक फोकस करणं, जेल म्हणजे दिव्यापुढचा रंगीत फिल्टर लावणं, डिमरचं पॅचिंग म्हणजे कुठला दिवा कुठल्या डिमरवर ते जोडणं, मग दिग्दर्शकासोबत क्यू, म्हणजे कधी कुठला लाइट बदलायचा ते बसवणं आणि शो संपल्यावर सगळं उतरवून टेम्पोत भरणं, हा पूर्ण दिवस आहे आणि त्याचेच पैसे मागायचे. महिन्याचा घरखर्च ४०,००० असेल आणि काम खरंच १० दिवस मिळत असेल तर दिवसाला ४,००० च्या खाली उतरणं म्हणजे घरातून पैसे घालणं झालं, आणि यात आजारपण, हेल्मेट, टूल्स अजून धरलेलेच नाहीत. रिहर्सल बघायला बोलावलं तर अर्धा दिवस लावा. सामानाचं भाडं, हेल्परची मजुरी, गाडी हे बिलात वेगळं लिहा, नाहीतर घासाघीस झाली की तुमच्याच मेहनतान्यातून कापलं जातं. हौशी ग्रुपला सूट द्या, मनापासून द्या, पण बिलात पूर्ण रेट लिहून मग सूट दाखवा, म्हणजे पुढच्या वेळी बोलणं पूर्ण रेटपासून सुरू होतं. अर्धे पैसे तारीख पक्की करतानाच घ्या, व्हॉट्सॲपवर लिहून.