थायरॉईडच्या डॉक्टरांकडे जाताना सगळ्या घराची फाईल न्या

टी-३, टी-४ (थायरॉईडचे हार्मोन) वाढलेले आणि टीएसएच (मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा, थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन) मात्र नॉर्मल किंवा किंचित जास्त, अशी जोडी रिपोर्टात दिसली तर आधी थांबा. नेहमीच्या हायपरथायरॉईडमध्ये, म्हणजे थायरॉईड जास्त काम करतो तेव्हा, टीएसएच तळाला जातो. इथे जात नाही, कारण रक्तात हार्मोन भरपूर असूनही पिट्युटरी ग्रंथीपर्यंत त्याचा निरोप नीट पोचत नाही. याला थायरॉईड हार्मोनचा रेझिस्टन्स म्हणतात. १९६७ साली सॅम्युअल रेफेटॉफ आणि सहकाऱ्यांनी हा आजार पहिल्यांदा मांडला. बहुतेकांत दोष टीएचआरबी या जनुकात असतो आणि साधारण ४०,००० जन्मांत एकाला तो सापडतो. आमच्या घरात तो तीन पिढ्या होता. माझ्या सासऱ्यांची गळ्याची गाठ तरुणपणी काढली, काही वर्षांत ती परत वाढली. त्याचं कारण आम्हाला कळलं ते नातवाच्या निदानानंतर.

म्हणून पहिली तयारी घराण्याची. एका कोऱ्या कागदावर आजी-आजोबांपासून सगळे लिहून काढा: कुणाला गलगंड होता, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाला धडधड व्हायची, कुणाचे गर्भ टिकले नाहीत. यात आत्या आणि आत्याची मुलं हमखास राहतात. लेकी गडहिंग्लजला, इचलकरंजीला नांदायला गेल्या की आपण त्यांना दुसऱ्या घरचं समजतो, पण बाधित आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. आत्याला आजच फोन करा. जमलं तर आई-वडील आणि भावंडांची टी-३, टी-४, टीएसएच तपासणी आधीच करून ठेवा. डॉक्टरांना अशाच चित्राचा पिट्युटरीचा ट्यूमरही वगळायचा असतो, आणि घरात दुसऱ्या कुणाचे आकडे तसेच निघाले तर निदानाला मोठा आधार मिळतो. एमआरआय सांगितलाच तर मंगळसूत्र, जोडवी, कानातलं घरीच ठेवून जा.

रक्त देण्याआधी केसांच्या, नखांच्या गोळ्यांचं पाकीट उलटून वाचा. त्यात बायोटिन हे जीवनसत्त्व असेल तर काही पद्धतींच्या तपासणीत टी-३, टी-४ खोटेच जास्त दिसू शकतात. गोळी किती दिवस बंद ठेवायची हे डॉक्टरांना विचारा. डोस मोठा असेल तर दोन दिवस पुरत नाहीत. संशय राहिला तर तोच नमुना वेगळ्या पद्धतीच्या मशीनवर तपासून घ्यायला सांगा. जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावा, नॉर्मलची मर्यादा छापलेल्या पानासकट.

जनुकाच्या तपासणीचं रक्त बहुधा जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात आणि बाहेरच्या मोठ्या शहरात पाठवतात. पावसाळ्यात कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की नमुना देऊच नका. शिरोलीजवळ हायवे बंद पडला तर तो वाटेतच अडकेल. एकाच्या जनुकातला बदल सापडला की बाकीच्यांचा नेमका तेवढाच शोधता येतो, म्हणून त्या रिपोर्टाची प्रत प्रत्येक भावंडाला द्या.

मूल असेल तर उंची-वजनाची नोंद घ्या. वर्गात लक्ष लागत नाही, एका जागी बसवत नाही, कान वारंवार फुटतो, हे सगळं सांगायचं असतं. मी ते खोडकरपणा म्हणून सोडून दिलं होतं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. श्रवणचाचणी करून घ्या. मोठ्या माणसाची नाडी आठवडाभर सकाळी उठल्यावर, पूर्ण एक मिनिट मोजून लिहा. हृदयाचा रिसेप्टर, म्हणजे हार्मोनचा निरोप घेणारा भाग, वेगळ्या जनुकाचा, तो शाबूत असतो, त्यामुळे वाढलेल्या हार्मोनचा मारा हृदयावर पडतो. ईसीजी लागेलच.

घरात कुणी गरोदर असेल तर तारीख थोडी पुढची मिळाली तरी चालेल म्हणू नका. आईला हा दोष असून बाळाला नसेल तर बाळ जास्त हार्मोनमध्ये वाढतं आणि त्याचं वजन कमी राहू शकतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना फाईल दाखवा, बाळ जन्मल्यावर बालरोगतज्ज्ञांनाही.

आणि कागदावर सगळ्यात वर हा प्रश्न लिहून न्या: गाठ काढायची, रेडिओआयोडीन (थायरॉईड नष्ट करणारं किरणोत्सारी आयोडीन) द्यायचं किंवा कार्बिमाझोल (थायरॉईडचे हार्मोन कमी करणारं औषध) सुरू करायचं, त्याआधी रेझिस्टन्स नाही याची खात्री झाली का? पुष्कळांना काहीच औषध लागत नाही, काहींना फक्त धडधडीची गोळी. सासऱ्यांच्या वेळी हा प्रश्न विचारणारं आमच्या घरात कुणी नव्हतं.