ट्रक-बस सुरक्षा मोहिमेचा उपयोग झाला का, हे कसं मोजायचं

मोहीम संपली की किती चालान फाडले, किती चालकांचे डोळे तपासले, याचा अहवाल येतो. अपघात घटले का, हे त्यातून कळत नाही.

आधी महिने जुळवा. रस्ता सुरक्षा अभियान जानेवारीत होतं, तेव्हा आपल्याकडे जिनिंगसमोर (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यासमोर) कापसाच्या गाड्यांची रांग असते. उन्हाळ्यात ती ओसरते. डिसेंबर आणि एप्रिल शेजारी ठेवले तर मोहिमेविनाही अपघात घटलेलेच दिसतील. यंदाचा फेब्रुवारी-मार्च मागच्या तीन वर्षांच्या फेब्रुवारी-मार्चशीच ताडून पाहा.

मोहीम न झालेला, तसाच रुंद, तशीच वाहतूक असलेला दुसरा रस्ताही सोबत मोजा. मोहिमेला बहुधा मागच्या वर्षी सर्वांत जास्त बळी घेतलेला रस्ता निवडतात, आणि अशा रस्त्याचा आकडा पुढच्या वर्षी पुष्कळदा आपोआप उतरतो. हा उतार मोहिमेच्या नावावर जमा करू नका.

मृत्यू अपघातापासून 30 दिवसांपर्यंतचे धरतात. नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, हलवलेला जखमी तिथे दगावला, तरी इथल्या यादीत तो ‘गंभीर जखमी’च राहू शकतो. महिना उलटल्यावर यादी पुन्हा तपासा. एका तालुक्यात मृत्यूंचा आकडा लहान असतो, म्हणून मृत आणि गंभीर जखमी एकत्र मोजा.

तरीही निकाल लवकर हवा असेल, तर रात्री जिनिंगच्या फाटकाशी उभं राहून 200 ट्रक मोजा. मागची लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि दोन्ही टेललाइट, एवढंच बघा. बॅटरी (टॉर्च) डोळ्याजवळ धरा. पट्टी उजेड आला त्याच दिशेला परत पाठवते, त्यामुळे कमरेजवळ धरलेल्या बॅटरीत चांगली पट्टीही फिकी वाटते. पट्टी ‘लावली आहे’ आणि ‘दिसते’ असे दोन रकाने ठेवा. फाळक्यावर, म्हणजे ट्रकच्या मागच्या फळीवर, पट्टी असते, पण वरून लोंबणारी ताडपत्री ती झाकते. रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकवर मागून येणारा दुचाकीवाला अशा अंधारातच जाऊन आदळतो.

200 गाड्यांत 60 टक्क्यांचे 65 झाले, तर तो योगायोगही असू शकतो. 60 चे 70 टक्क्यांहून जास्त झाले, तरच तो फरक मोजा.

बसचं काम थोडक्यात होतं: आगारात संकटकालीन दरवाजा स्वतः उघडून पाहा.

ही मोजणी मोहिमेआधी, मोहीम संपताच आणि पुढच्या कापूस हंगामात, अशी तीनदा करा. पथक उठल्यावर काय टिकलं, ते तिसऱ्या मोजणीत दिसतं.