वायुगळती झाली तर आधी वारा बघा

1984 च्या डिसेंबरात भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू गळला, तेव्हा वाऱ्याच्याच दिशेने धावत सुटलेले कितीतरी लोक वायूच्या लोटातच पळत राहिले. म्हणून पाय उचलण्याआधी दोरीवरचे कपडे, झाडाची पानं कुठे हलताहेत ते बघा आणि वाऱ्याला आडवे निघा. नाकातोंडावर ओल्या पंच्याची घडी. क्लोरीनसारखा जड वायू खाली साचतो. तळघर नको, वरचा मजला बरा. घरातच अडकलात तर पंखे, एसी बंद आणि दाराच्या फटीत ओली चादर. अंगावर काही उडालं असेल तर शर्ट डोक्यावरून ओढू नका, तोंडाला लागेल. नवाकोरा असला तरी सरळ कात्रीने कापा, मग साबण आणि भरपूर पाणी. डोळे चोळायचे नाहीत, नुसते धुवायचे.