कॅम्परने टास्मानिया: किनारा सोपा, कॅसेट अवघड

मेलबर्नच्या आमच्या मराठी घोळक्यात दर डिसेंबरात कुणीतरी विचारतंच, ‘टास्मानिया आठवड्यात अख्खं होतं ना?’ होतं, गाडीच्या काचेतून. माझं ऐकाल तर पश्चिम बाजू पुढच्या वेळेला ठेवा. फक्त पूर्व किनारा धरा आणि दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वर जाऊ नका.

कॅम्पर, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, बेटावर नेणारी बोट आता जीलाँगहून सुटते. २०२२च्या ऑक्टोबरपर्यंत ती मेलबर्नहून सुटायची, तेव्हा जुने लेख वाचून भलत्या धक्क्यावर जाऊ नका. चढण्याआधी गॅसची टाकी बंद करा. फळमाशीच्या भीतीने ताजी फळं-भाजी तिकडे नेऊ देत नाहीत. कढीपत्ता म्हणजे फळ नव्हे, हा माझा मुद्दा तपासणीत कुणाला पटला नाही. शिजवलेलं चालतं, म्हणून मी आता आलं, लसूण, कढीपत्ता घरीच परतून डबा भरून नेते.

डेव्हनपोर्टहून लॉन्सेस्टन, तिथून स्कॉट्सडेलमार्गे सेंट हेलन्स. मध्ये वेल्डबरोचा घाट लागतो, तिथे मागच्या गाड्यांना वाट देत हळू जा. पुढे बे ऑफ फायर्स. पाण्याकाठच्या ग्रॅनाइटवर शेंदरी थर दिसतो ते दगडफूल, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचंच भावंड. स्विमकार्ट बीच किंवा कोझी कॉर्नरला फुकट मुक्काम करता येतो. पिण्याचं पाणी नाही, ते सेंट हेलन्सलाच भरून घ्या. तीन रात्री राहा.

आता कॅसेट. कॅम्परच्या संडासाखालची ही चपटी प्लॅस्टिकची टाकी, साधारण अठरा लिटरची. ‘दोघांना तीन-चार दिवस आरामात’ असं जो तो सांगतो. ते कागद वापरणाऱ्यांचं गणित! आपण पाण्याची माणसं. दर खेपेला टमरेलभर पाणी आत गेलं की दुसऱ्याच संध्याकाळी लाल दिवा लागतो. पहिल्या वर्षी आम्ही त्या दिव्याला ‘उद्या बघू’ म्हटलं. सकाळी कच्च्या रस्त्याने हिंदकळत निघालो, गावात पोचलो, नवऱ्याने कॅसेट ओढली आणि तिची झडप अर्धवट उघडी होती. पुढचं सांगत नाही. त्याच्या सँडल तिथेच कचऱ्यात गेल्या.

म्हणून दिव्याची वाट पाहायची नाही, एक दिवसाआड रिकामी करायचीच. भरलेली कॅसेट वीस किलोच्या आसपास जाते. ती उचलून शूरपणा दाखवू नका, चाकांवर ओढत न्या. ओढण्याआधी आतली झडप बंद आहे का ते डोळ्यांनी बघा, अंदाज नको. गाडी हलली की आत हवा कोंडते, त्यामुळे नंतर पहिल्यांदा झडप उघडताना संडासाचं वरचं झाकण लावलेलं असू द्या. तोंड त्यावर वाकवून तर मुळीच बघू नका.

डंप पॉइंटवर, म्हणजे कॅसेट ओतायच्या ठरवून दिलेल्या जागी, हातमोजे घाला, तोटी बाहेर वळवा, टोपण काढा आणि कॅसेट कलती करा. तोटीचं तोंड खाली झालं की मगच हवेचं छोटं बटण अंगठ्याने दाबून धरा. आमची दोन वर्षं या बटणापायी गेली. ते न दाबता ओतलं तर कॅसेट उचक्या देते आणि शिंतोडे थेट नडग्यांवर येतात. दाबलं की धार सरळ पडते. मग दोनदा विसळा, दोनेक लिटर पाणी आणि कॅसेटचं वास मारणारं औषध घाला. तिथल्या नळाचं पाणी प्यायच्या टाकीत भरायचं नाही, हेही सांगावं लागतं. आणि किनाऱ्यावरच्या खड्ड्याच्या संडासात कॅसेट ओतू नका. औषधाने तिथले जिवाणू मरतात आणि दुर्गंधी पुढच्यांच्या नशिबी येते.

दिवेलागणीला चाक थांबलंच पाहिजे. वॉलबी (छोटे कांगारू) आणि वोंबॅट हे जाडजूड ठेंगणे प्राणी तेव्हाच रस्त्यावर येतात, आणि वोंबॅट म्हणजे चालता धोंडा.

पुढचं सोपं आहे. बिचेनोला पेंग्विन बघा. फ्रेसिनेटसाठी नॅशनल पार्कचा पास लागतो. ऐन उन्हाळ्यात तिथल्या तंबूच्या जागांची म्हाडासारखी सोडत निघते, नंबर लागला नाही तर बाहेर राहा, पण वाइनग्लास बे हा उपसागर जिथून दिसतो त्या माथ्यावर सकाळी चढाच. ट्रायबन्नाहून मराया बेटाची बोट सुटते, गाडी अलीकडेच ठेवायची. होबार्टला एक रात्र, मग मिडलँड हायवेने परत. वाटेत रॉसला कैद्यांनी बांधलेला १८३६चा पूल आहे, चहा तिथे घ्या.

परतीच्या बोटीआधी कॅसेट शेवटची रिकामी करा, आणि घरी आल्यावर झडपेच्या रबराला सिलिकॉनचा फवारा मारा. मी एकदा खोबरेल लावलं होतं. रबर फुगलं, नवं घ्यावं लागलं.