प्राण्यांवरचे औषधप्रयोग: परिणाम दिसला, पण औषधाचा की तुमच्या हाताचा? या चुका टाळा

वेदना मोजायची हॉट प्लेट, म्हणजे तापवलेली पट्टी, 55 अंश सेल्सिअसवर आहे. नवे औषध दिलेला माऊस पंजा चाटायला नेहमीपेक्षा बराच उशीर लावतो. वहीत ‘वेदनाशामक’ असे लिहायला हात शिवशिवतो. थांबा. त्याच डोसचा दुसरा माऊस फिरत्या दांड्यावर, म्हणजे रोटारॉडवर ठेवून बघा. तो लगेच खाली पडला, तर पहिल्याची वेदना कमी झाली असे म्हणता येणार नाही; तो नुसता सुस्तावला असेल. झोपाळलेले जनावर पंजा चाटत नाही, पळत नाही, पिंजऱ्यात नवे काही शोधत नाही. अशा वेळी वेदना, भीती, स्मृती यांच्या चाचण्यांचे निकाल फसवे ठरू शकतात, आणि वेदनेच्या चाचणीत तर तुमचे औषध ‘गुणकारी’ ठरते. म्हणून हालचालीची चाचणी आधी आणि बाकीच्या नंतर. एक मर्यादाही ठरवून ठेवा: ठरलेल्या सेकंदांत प्रतिसाद आला नाही तर प्राणी प्लेटवरून उचलायचा. नाहीतर पंजा भाजतो, आणि पुढचे सगळे आकडे भाजलेल्या पंजाचे असतात.

डोसचे गणित

1962 साली ओक्लाहोमा सिटीच्या प्राणिसंग्रहालयातल्या टस्को नावाच्या हत्तीला 297 मिलिग्रॅम एलएसडी, म्हणजे भ्रम निर्माण करणारे एक द्रव्य, टोचले. मांजरांवरच्या प्रयोगांतला डोस सरळ वजनाच्या प्रमाणात वाढवलेला होता. हत्ती काही मिनिटांत कोसळला आणि दोन तासांच्या आत मेला. त्याला सावरण्यासाठी जी औषधे दिली, त्यांचाही यात हात असावा असे पुढे बोलले गेले. म्हणजे एका प्रयोगात दोन गोंधळ: डोस चुकला, आणि मृत्यू नेमका कशाने आला तेही ठामपणे सांगता येईना.

लहान जनावराचा चयापचय वजनाच्या मानाने वेगवान असतो, त्यामुळे मिलिग्रॅम प्रति किलो हा आकडा एका प्राण्यावरून दुसऱ्यावर तसाच उचलता येत नाही. शरीराच्या पृष्ठभागावर आधारलेले गुणक सर्रास वापरले जातात: माऊस 3, रॅट 6, प्रौढ माणूस 37. माणसाचा डोस 5 मिलिग्रॅम प्रति किलो असेल तर माऊससाठी 5 × 37 ÷ 3, म्हणजे साधारण 62. रॅटसाठी साधारण 31. बहुतेकांची चूक दिशेत होते: गुणायचे तिथे भागतात. उत्तर आल्यावर एवढेच तपासा, लहान प्राण्याचा प्रति किलो आकडा मोठा आला ना? हा आकडा अर्थात सुरुवातीचा अंदाज आहे, आणि प्रतिपिंडांसारख्या मोठ्या प्रथिनांच्या औषधांना तो आंधळेपणाने लावू नये.

दुसरी चूक बाटलीच्या लेबलवर असते. मॉर्फिन सल्फेट पेंटाहायड्रेटमध्ये खरे मॉर्फिन वजनाच्या सुमारे 75 टक्केच असते. डोस क्षाराचा की मूळ मॉर्फिनचा, हे वहीत लिहिले नाही तर पुढच्या वर्षी तुमचाच विद्यार्थी तोच प्रयोग करून वेगळे उत्तर आणेल आणि दोष रॅटला देईल.

बाटली, सुई आणि द्रावण

औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून सस्पेन्शन केले, म्हणजे त्याचे कण पाण्यात तरंगत ठेवले, आणि बाटली टेबलावर तशीच ठेवून तळातून भरत गेलात, तर पहिल्या प्राण्याला गाळ आणि शेवटच्याला जवळजवळ नुसते पाणी मिळते. एकाच गटात आकडे विखुरलेले दिसले की मी सर्वांत आधी हेच विचारतो: प्रत्येक वेळी भरण्याआधी बाटली हलवली होती का?

औषध विरघळवायला वापरतात त्या डीएमएसओ, इथेनॉल, ट्वीन यांना स्वतःचे परिणाम असतात. म्हणून कंट्रोल गटाला, म्हणजे औषधाविना तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला, तेच द्रावण, तेवढेच, त्याच मार्गाने द्यायचे. सलाईन दिलेला गट त्याची जागा घेऊ शकत नाही. तोंडावाटे साधारण 10 मिलिलिटर प्रति किलो, म्हणजे 20 ग्रॅमच्या माऊसला 0.2 मिलिलिटर. वजन आजचे घ्या, गेल्या सोमवारचे नको. पोटात टोचताना डोके किंचित खाली ठेवून उजव्या बाजूच्या खालच्या भागात सुई घाला, म्हणजे अंधांत्र (मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी) सहसा वाचते. उजवी बाजू प्राण्याची, तुमची नव्हे.

घड्याळ आणि माणूस

सकाळी कंट्रोल आटोपले, जेवून आल्यावर औषधाचा गट घेतला. या एका सोयीपायी किती प्रयोग वाया गेले असतील! रॅट आणि माऊस निशाचर; अंधार पडण्याच्या सुमारास त्यांचे कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक वाढते, हालचाल बदलते. दोन्ही गट आलटूनपालटून घ्या, क्रम चिठ्ठी टाकून ठरवा, आणि मोजणाऱ्याला कोणत्या पिंजऱ्यात काय दिले ते कळू देऊ नका.

मोजणारा कोण, यानेही फरक पडतो. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरुष संशोधकाच्या वासाने माऊसमध्ये ताण निर्माण होऊन वेदनेचा प्रतिसाद कमी झालेला दिसला. माऊसला शेपटीने उचलण्याऐवजी नळीत घेऊन उचलले तर तो कमी घाबरतो, हे 2010 पासून माहीत आहे. तरीही शेपूट पकडायची सवय सुटत नाही.

चुकीचा प्राणी, चुकीची भूल

रॅट ओकू शकत नाही. त्यामुळे ‘रॅटला उलटी झाली नाही, म्हणून औषध पोटाला सोसते’ हे वाक्य निरर्थक आहे. मळमळ बघायची तर रॅट केओलिनसारखी माती किती खातो ते मोजतात, नाहीतर ओकू शकणारा फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी घेतात. काही सशांच्या रक्तात ॲट्रोपिन हे औषध फोडणारे एन्झाइम असते, आणि गिनीपिगला पेनिसिलिन जीवघेणे ठरू शकते.

मधुमेहावरच्या औषधाची चाचणी चालू आहे, आणि रक्त काढायला केटामिन-झायलाझीनची भूल दिली? झायलाझीन इन्सुलिनचे स्रवण दाबते, साखर चढते. मग कंट्रोल गटही मधुमेही वाटू लागतो.

मोजताना

पाण्यातून औषध दिलेल्या एका पिंजऱ्यात पाच माऊस असले तरी संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते एकच एकक आहे. गाभण मादीला औषध दिले, तर तिची बारा पिल्ले म्हणजेही बारा नमुने नव्हेत, मादी एकच. ही चूक छापून आलेल्या शोधनिबंधांतही सापडते आणि ती नंतर दुरुस्त होत नाही, म्हणून गट ठरवतानाच संख्याशास्त्रज्ञाशी बोलून घ्या.

आणि काहीच परिणाम दिसला नाही तर? ज्याचा परिणाम ठाऊक आहे अशा औषधाचा एक गट सोबत होता का, ते पाहा. हॉट प्लेटवर मॉर्फिनच्या गटातही फरक नसेल, तर नव्या औषधाबद्दल एक शब्दही लिहू नका. आधी दुसऱ्या थर्मामीटरने प्लेटचे तापमान मोजा, मग मॉर्फिनच्या बाटलीवरची तारीख वाचा.