जिम सुरू करताय? आधी 20 रुपयांची एक वही घ्या

माझ्या पहिल्या जिममध्ये पहिल्याच दिवशी ट्रेनरने उठाबशा, लंजेस, लेग प्रेस सगळं एकदम मारून घेतलं, मी पण जोशात "अजून करू का सर" म्हणत होते. दुसऱ्या दिवशी थोडं दुखलं, तिसऱ्या दिवशी मात्र ठाणे स्टेशनच्या पुलावरून रेलिंग धरून आडवी आडवी उतरत होते आणि मागून "ओ मॅडम, चला ना पटापट" चालू. ऐरोलीला ऑफिसात पोचेपर्यंत ठरवून टाकलं की हे आपलं काम नाही. पैसे अर्थातच वर्षाचे भरलेले, चार महिने तिकडे फिरकले नाही.

आता दोन वर्षं नियमित चालू आहे, वय 39, आणि तेव्हा कोणी सांगायला हवं होतं ते लिहितेय. असं दुखणं साधारण एक ते तीन दिवसांनी जास्त होतं आणि आपोआप जातं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण दुखलं म्हणजे व्यायाम चांगला झाला असंही नाही हं. आणि अती केल्यावर लघवी कोकसारखी गडद झाली, अंग सुजलं तर वाट बघत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा, स्नायू तुटून किडनीवर येऊ शकतं. बीपी, हार्ट, स्लिप डिस्क असलं काही असेल तर सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या.

जिम कुठली घ्यायची? जी वाटेत आहे ती. मी मानपाड्याला राहते आणि पहिली जिम कापूरबावडीच्या पलीकडे होती, नकाशावर जवळ दिसते पण संध्याकाळी साडेसातला ते अंतर किती होतं हे घोडबंदरवाल्यांना सांगायला नको. आता रिक्षातून उतरले की समोर जिम, घरी जाऊन सोफ्यावर टेकायचा चान्सच नाही. बघायला जाल तेव्हा तुम्ही रोज ज्या वेळी जाणार त्याच वेळी जा, दुपारी 12 ला रिकामी चकाचक जिम कोणीही दाखवेल. स्क्वॉट रॅकला (मोठा रॉड टेकवून ठेवायची चौकट) किती जण थांबलेत बघा, छोटे डंबेल जोडीने आहेत का बघा (एक 5 चा सापडतो आणि दुसरा कुठल्यातरी बेंचखाली असतो). "आज वर्षाचं घेतलं तर 3 महिने फ्री" वर हसायचं आणि एक महिन्याचे भरायचे.

बूट. रनिंगचे जाड फोमवाले बूट वजन उचलायला नकोत, खाली गादी असल्यासारखा पाय डुगडुगतो, सपाट सोलचे साधे कॅनव्हास चालतात. पावसाळ्यात जिमची जोडी पिशवीत वेगळी न्या. आणि नॅपकिन न्याच, आपल्याकडच्या दमट हवेत हात इतके घामेजतात की डंबेल सटकतो.

आता मुख्य. बहुतेक जिममध्ये सोमवार चेस्ट, मंगळवार बॅक असं सहा दिवसांचं वाटप असतं. नवीन माणसाला ते नको, ट्रेनचा घोळ झाला, पाहुणे आले, एक दिवस चुकला की तो स्नायू थेट पुढच्या आठवड्यात. त्यापेक्षा आठवड्यातून 3 दिवस, मधे एकेक दिवस सोडून, दर वेळी पूर्ण अंग. मी व्यायामाचे दोनच संच ठरवले होते आणि ते आलटून पालटून करायचे. एका दिवशी गॉब्लेट स्क्वॉट, डंबेल बेंच प्रेस (बेंचवर उताणं झोपून डंबेल वर ढकलायचे) आणि केबल रो (बसून केबल पोटाकडे ओढायची). दुसऱ्या दिवशी रोमानियन डेडलिफ्ट, खांद्याचा डंबेल प्रेस (डंबेल खांद्यापासून डोक्यावर ढकलायचे) आणि लॅट पुलडाउन (वर टांगलेला दांडा छातीकडे ओढायचा). शेवटी प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग फळीसारखं सरळ धरून थांबायचं), जमेल तेवढा. बाकी प्रत्येकाचे 3 सेट, एका सेटमध्ये सलग 8 ते 12 वेळा, दोन सेटच्या मधे दोनेक मिनिटं विश्रांती. विश्रांती म्हणजे विश्रांती, रील बघत सात मिनिटं बेंच अडवून बसायचं नाही, मागचे दादा लोक थांबलेले असतात. गर्दी असेल तर "किती सेट बाकी? मधे मधे करू का?" विचारायचं, कोणी नाही म्हणत नाही.

गॉब्लेट स्क्वॉट म्हणजे डंबेल उभा छातीशी धरून बसायचं, आणि बसायचं कसं हे आपल्याला जिममध्ये येऊन शिकायला लागू नये, इंडियन टॉयलेटवर बसतो तसंच, टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे पावलांच्या दिशेने. डेडलिफ्टला मात्र सगळे चुकतात, मी तर महिनाभर चुकत होते, कमरेतून वाकायचे आणि पाठीची कमान व्हायची. मग एकदा घरी दोन्ही हातात पातेली होती आणि फ्रिजचं दार बुडाने मागे लोटून बंद केलं तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. तेच करायचंय! बूड मागे, पाठ सरळ, गुडघे किंचित वाकलेले, डंबेल मांड्यांना घासत खाली, मांडीच्या मागे ताण आला की परत वर. लॅट पुलडाउनला लोकलच्या कडीला लटकल्यासारखं धरून हाताने ओढू नका, कोपरं खिशाकडे आणताय असं समजा. श्वास जोर लावताना सोडायचा.

वजन किती? तुम्हाला लाज वाटेल इतकं हलकं. सेट संपला तेव्हा अजून 2-3 वेळा नीट झालं असतं असं वाटलं पाहिजे. मी खांद्याला अडीच-अडीच किलोचे डंबेल घेऊन सुरू केलं, शेजारचा मुलगा माझ्याएवढं वजन उचलत होता, मी म्हणजे मी स्वतः. मोठ्या रॉडची घाई नको, तो ऑलिंपिक बार रिकामाच 20 किलोचा असतो. छोट्या रॉडवर तर वजन लिहिलेलंच नसतं, जिममध्ये वजनकाटा असतो, एकदा करून बघा.

आणि आता ती वही. तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा, बस. किराण्याच्या हिशोबासारखी. कारण सगळी गंमत इथेच आहे, शरीराला गेल्या वेळेपेक्षा थोडं जास्त दिलं तर ते ताकद वाढवतं, तेच ते दिलं तर ते कशाला कष्ट घेईल. समजा 5 किलोने 8, 8, 8 झाले. पुढे 9, मग 10. तिन्ही सेट 12 झाले की वजन एक पायरी वर आणि परत 8 पासून. पायऱ्या लहान हव्यात, रॉडला दोन्हीकडे अडीचची प्लेट लावली की एकदम 5 किलो वाढतात, पायांना चालतं पण खांद्यांना फार होतं, म्हणून सव्वा किलोच्या प्लेटी आहेत का विचारा. पहिल्या दोन महिन्यांत आकडे भराभर वाढतात आणि आरशात काहीच दिसत नाही, कारण तेव्हा जास्त करून मेंदूच स्नायूंना कामाला लावायला शिकत असतो. तेव्हा आरसा बघू नका, वही बघा.

"पुरुषी दिसशील" हे मला दोन मावश्यांनी आणि एका शेजारणीने सांगून झालंय. तसं आपोआप होत नाही हो, तसं दिसायला वर्षानुवर्षं जीव काढावा लागतो. हाडं मात्र मजबूत राहतात, पन्नाशीनंतर बायकांना त्याचीच गरज. सासूबाईंना पटलं, त्या आता खुर्चीवरून हात न टेकता 10 वेळा उठबस करतात, रोज, आणि मोजून.

खाण्याचं थोडक्यात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे 60 किलोला 96. पोहे, चहा-बिस्किट, पोळी-भाजी, वरण-भात यात मी निम्म्यालाही पोचत नव्हते. एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास, आणि 50 ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये 25, सगळ्यात स्वस्त तेच. श्रावणात आमच्याकडे अंडी बंद, मग सोया, दही आणि मटकीवर भर. साबुदाण्याच्या खिचडीत जे काही प्रोटीन असतं ते शेंगदाण्यांचं. व्हे पावडर म्हणजे दुधातलंच प्रोटीन, जेवणातून होत नसेल तर घ्या, पण पहिल्याच आठवड्यात ट्रेनरने तीन डबे विकायला काढले तर "विचार करून सांगते सर" म्हणा.

गणपतीत खंड पडतोच. परत गेल्यावर जुन्याच वजनाला हात घालू नका, पहिला आठवडा थोडं कमी लावा, आकडे लवकर परत येतात. माझ्या वहीत गेल्या वर्षी बारा दिवस कोरे आहेत, तिथे फक्त "मोदक 11" लिहिलंय.